उजेडाकडे तोंड करून

आप्पा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की मीच तुमच्यापेक्षा वयाने मोठा झालो आहे. हे कागद कुठं पोचणार नाहीत हे मला कळतं. तरी लिहायला बसलो, कारण हे ज्यांना सांगावं अशी दोनच माणसं होती. एक तुम्ही, आणि दुसरी जी आहे तिला सांगायची माझी छाती होत नाही. मी नववीतून शाळा सोडलेली, त्यामुळे मांडणी इकडची तिकडे होईल. तुम्ही तर पेपर पुढे धरून एकेक अक्षर जुळवत वाचायचात, तेव्हा तुम्ही काही माझ्या चुका काढणार नाही. घरात कुणी नाही. मुलगा चाकणला फर्स्ट शिफ्टला गेला, सून तिच्या ऑफिसला. लिहायच्या आधी मी दोनदा उठून दाराची कडी बघून आलो, आणि गॅसची बटणं हात लावून तपासली. हल्ली असंच करावं लागतं. नळ चालू राहिला, बेल वाजली, कुकर बोंबलला, मला काही कळत नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी जीव वर-खाली होतो आणि उठून बघावं लागतं.

हो, तुमचंच आलं माझ्या वाट्याला. तुमचे कान हॅमरने घेतले, माझे प्रेसने. तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर उभा राहिलो आणि रिटायर झाल्यावर लक्षात आलं की पंख्याचा आवाज येत नाही. मग पाखरांचा गेला. मग सुनेचा. मुलाचा जाड आवाज अजून थोडा कळतो, पण तो बोलतो मोबाईलमध्ये मान घालून. जेवताना सगळे हसले की मी पण हसतो, जरा उशिरा. सून ओट्याशी उभी राहून, पाठ करून, मिक्सर चालू ठेवून मला काहीतरी विचारते. मी "आं?" म्हणतो. ती परत म्हणते. मी परत "आं?" म्हणतो. मग ती हात झटकून म्हणते, "काही नाही, बाबा." हे "काही नाही" मला बरोबर कळतं बघा. बाकी काही कळत नाही, एवढं कळतं. दिवसातून सात-आठ वेळा ते मिळतं. शेवटी मी विचारणं सोडलं. कुणी काही म्हणालं की मान हलवायची. एकदा अशीच मान हलवली आणि नंतर कळलं की त्यांनी माझा पलंग आतल्या खोलीतून हॉलमध्ये आणायचं विचारलं होतं. आता मी हॉलमध्ये झोपतो.

मध्यंतरी त्यांनी मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं एका पेटीसारख्या खोलीत बसवून, कानाला मशीन लावून, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. तपासणारी मुलगी लहानशी होती, पण फार नीट बोलत होती. बाहेर आल्यावर तिने खुर्ची सरकवली, माझ्या बरोबर समोर बसली, तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि मग सुनेला म्हणाली, "यांच्याशी बोलताना समोर या. तुमचा चेहरा उजेडात पाहिजे. ओरडू नका, ओरडलं की शब्द फाटतात. एकदा नाही कळलं तर तेच परत नका म्हणू, दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि 'काही नाही' असं तर कधीच म्हणू नका." सुनेने ते सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. चार दिवस घरात तसं चाललं. पाचव्या दिवशी पुन्हा मिक्सर. मी तिला दोष देत नाही. म्हणजे देतो, पण तोंडाने नाही. मला कुठल्या तोंडाने देता येईल? त्या मुलीने जे सांगितलं ते मला सोळाव्या वर्षापासून पाठ होतं. तुम्ही शिकवलं होतं.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्याच कंपनीत हेल्पर म्हणून लावलं होतं, सहा महिने. हॅमर शॉपमध्ये पहिल्यांदा शिरलो तेव्हा पायाखालची जमीन उडते आहे असं वाटलं. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा सांडशीने उचलायचा, साच्यात धरायचा, पायाने पेडल दाबलं की वरून हॅमर आदळायचा. कानात कापसाचे बोळे होते सगळ्यांच्या, पण त्याने काय होणार? तिथं कुणी बोलत नव्हतं आणि सगळे बोलत होते. ओठांनी, बोटांनी, भुवयांनी. तुम्ही गेटमधून आत येतानाच मला एक गोष्ट सांगितली होती, "मानसाच्या मागनं जायचं न्हाई. वळसा घालून म्होरं जायाचं. त्यानं तुला बघितलं, पेडलवरचा पाय काढला, की मग तोंड उघडायचं. तवर दम धरायचा." मी दम धरला नाही. तिसऱ्याच दिवशी एका हॅमरवाल्याला चहा आल्याचं सांगायला मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला, सांडशीतला तुकडा निसटला आणि त्याच्या बुटाजवळ पडून तिथली फरशी काळी झाली. पाय वाचला. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. मग माझी हनुवटी धरून तोंड तुमच्याकडे वळवलं आणि ओठ सावकाश हलवत म्हणालात, "ज्याला ऐकाया येत न्हाई, त्यो तुझ्या भरवशावर उभा असतो. कळलं का रं?" मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, तीच तर अडचण आहे.

त्यानंतर कंपनीत मी कधी चुकलो नाही. पुढे प्रेसवर गेलो तिथंही, परक्या माणसाला सुद्धा वळसा घालून समोरून भेटलो. आणि घरी येऊन तुमच्या पाठीमागून ओरडायचो, "आप्पाऽ, पाणी आलंय!" तुम्ही ढिम्म बसलेले. मग मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "बहिऱ्यापुढे घसा फोडून काय उपयोग!" चाळीत सगळे हसायचे. त्यांना हसताना बघून तुम्ही वळून बघायचात आणि तुम्ही पण हसायचात, जरा उशिरा.

तुमच्या लेकीने मात्र असं कधी केलं नाही. आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. कंपनीचे नियम तिला कुणी सांगितले नव्हते, पण तिला ते आपोआप आले. ती स्टोव्हजवळची जागा सोडून बल्बखाली येऊन बसायची, केस मागे घ्यायची, आणि मग तुमच्याशी बोलायची. कितीदा तर आवाजच काढायची नाही. नुसते ओठ. तुम्ही दोघं चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शब्द न उच्चारता गप्पा मारायचात आणि पोट धरून हसायचात. मला वाटायचं माझ्यावरच हसताय. बहुतेक हसतच असाल. तुम्ही इतरांसमोर न कळता मान हलवायचात, पण तिच्यासमोर कधी हलवली नाही. तिचं एखादं वाक्य निसटलं तर तुम्ही हात वर करून तिला थांबवायचात, आणि ती तेच वेगळ्या तऱ्हेने सांगायची. तिच्यासमोर तुमची मान हलली म्हणजे तुम्हाला खरंच कळलं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर होतंच.

ती नर्सिंगला गेली तेव्हा तुम्ही विहारात जाऊन पेढे वाटले आणि तिच्यासाठी सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणलं. पेशंटची नाडी मोजायला लागतं, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं. ती तुमचं मनगट धरून मोजत बसायची. तुम्ही म्हणायचात, "चालू हाय का?" ती मान हलवून म्हणायची, "चालू आहे, पण कंपनीतल्या मशीनांसारखी. एक बंद, एक चालू." तुमचं एकच म्हणणं होतं. तिचा कोर्स पुरा झाला पाहिजे. लग्न कुठंही होऊ दे, गरीब असू दे, काळा असू दे, पण पोरीचा कोर्स तोडायचा नाही. दोन स्थळं तुम्ही त्याच्यावरून परत पाठवली होती. आणि तिचं लग्न होईपर्यंत माझं होणार नव्हतं. माझं ठरलेलं होतं, आळंदीची मुलगी, पण तिच्या घरचे घाईवर आले होते. पुढच्या महिन्यात करता का बोला, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला रात्रंदिवस तेवढंच सुचत होतं.

मग राजगुरुनगरच्या पुढचं ते तिसरं स्थळ आलं. मुलगा बरा होता. पण त्यांना कोर्स नको होता. हे मला आधीच कळलं होतं, मुलाच्या बापाने मला पिंपरीच्या स्टँडवर सांगितलं होतं. मी त्यांना म्हणालो, "घरी येऊन समोरासमोर बोला, आप्पा ऐकतील." ऐकतील! हाच शब्द वापरला मी.

आता तो रविवार. आप्पा, हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आपल्या बाहेरच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तुम्ही कायम तिच्याकडे पाठ करून बसायचात. येणारा माणूस समोर, त्याच्या तोंडावर उजेड, म्हणजे तुम्हाला ओठ दिसायचे. त्या सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी खाट ओढून खिडकीखाली नेली. पाहुण्यांना खाटेवर बसवायचं, तर तुमच्यासाठी समोर खुर्ची. तुम्ही आलात, खुर्चीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मी म्हणालो, "पाहुण्यांना वारा नको का?" तुम्ही बसलात. तुमचं तोंड उजेडाकडे. समोर तीन काळ्या आकृत्या, त्यातल्या मधल्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. तुम्ही डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होता, पुढे वाकत होता, आणि मी दाराच्या चौकटीशी उभा राहून हे सगळं बघत होतो. लेक आत होती. मुलगी दाखवायची म्हणजे बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही, नाहीतर ती नेहमीसारखी तुमच्यासमोर येऊन बसली असती आणि सगळं तुम्हाला ओठांनी सांगितलं असतं. हेही मी धरून चाललो होतो.

मुलाचा बाप म्हणाला, "पोरीचं ते नर्सिंग आता बास करा, पाव्हणं. आमच्यात सुना बाहेर जात न्हाईत. शेतीचं बघायचं, घरचं बघायचं. आत्ताच सांगितलेलं बरं, मागनं तक्रार नगं. काय म्हन्ता?" नेमकी तेव्हाच ती पोह्यांच्या बशा घेऊन आतल्या दारात आली होती. तिने ते ऐकलं आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हॅमरवरचा माणूस जसा आपल्या हेल्परकडे बघतो तसं. मी हसलो आणि मान हलवली. तुम्हीही हसलात आणि मान हलवली. दोनदा. "झालं मग!" मुलाचा बाप म्हणाला आणि मांडीवर थाप मारली. तिच्या हातातल्या बशा जराही हलल्या नाहीत, एवढं मला आठवतं. तिने त्या नीट सगळ्यांसमोर ठेवल्या. तुमच्यासमोर शेवटी ठेवली.

पाहुणे गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "कोर्साचं काय म्हनले?" मी तुमच्या समोर आलो, उजेडात उभा राहिलो, आणि ओठ सावकाश हलवत तुम्हाला सांगितलं, "हो म्हणाले, आप्पा. पुरा करू देणार आहेत." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालात, "मानसं चांगली दिसत्यात."

लग्न झालं. पंधरा दिवसांनी माझंही झालं. घड्याळ ती फळीवरच ठेवून गेली. तुम्हाला वाटलं विसरली. तुम्ही सुट्टी काढून एसटीने ते द्यायला तिच्या गावाला गेलात. परत आलात ते वेगळेच होऊन. मला म्हणालात, "कोर्स सोडलाय तिनं. म्या इचारलं, का गं सोडलास? तर तिनं भिंतीकडं तोंड केलं आन् काय तरी बोलली. भिंतीकडं तोंड करून बोलली रं. माझ्यासंगं आजपतुर कधी अशी बोलली न्हवती. काय म्हनली असंल?" मी म्हणालो, "मी काय तिथं होतो का, आप्पा? संसारात रमली असेल." तुम्ही त्यानंतर मला हे दहा-बारा वेळा विचारलं असेल. काय म्हनली असंल? पुढे ती सणाला यायची, चार दिवस राहायची, तुम्हाला जेवायला वाढायची, पण तुमच्यासमोर बसून तोंड उघडत नव्हती. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, "माझी नजर आता अधू झाली, पोरीचं ओठ वाचाया येत न्हाईत." नजर चांगली होती तुमची. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचात.

आणि शेवटच्या दिवशी ती दवाखान्यात आली, तर तुमच्या उशाकडे उभी राहिली. तुम्ही छताकडे बघत होता. ती तुमच्या डोक्यामागे उभी राहून कितीतरी वेळ तुमच्याशी बोलत होती आणि तुम्हाला ती आल्याचं सुद्धा माहीत नव्हतं. मी पायथ्याशी होतो. वळसा घालून समोर ये, एवढं मला तिला सांगता आलं असतं. पण ती समोर आली असती तर तुम्ही तिला विचारलं असतं.

आता ती पण म्हातारी झाली. गुडघे गेलेत, तरी गेल्या आठवड्यात एसटीने आली, मला बघायला. हॉलमध्ये माझ्या पलंगासमोर खुर्ची ओढून बसली, केस मागे घेतले, आणि एवढं स्वच्छ बोलली की डॉक्टरने दिलेलं कानातलं मशीन न लावता मला सगळं कळलं. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. निघोज्याच्या कंपनीत तिच्या नातवाला नोकरी लागली ते सांगितलं, कुणाकुणाचं काय झालं ते सांगितलं. मला रडू येत होतं. तेवढ्यात सून ओट्याकडून पाठ करून काहीतरी म्हणाली आणि मी सवयीने मान हलवली.

बहीण बोलता बोलता थांबली. म्हणाली, "दादा, ती काय म्हणाली?"

मी म्हणालो, "काय की."

"मग मान कशाला हलवलीस?"

"सगळेच हलवतात गं. बहिरा माणूस अजून काय करणार!"

  मग ती खुर्ची आणखी पुढे ओढून म्हणाली, "त्या रविवारी आप्पांनी पण अशीच हलवली होती का?"

मी कानाला हात लावला आणि नाही म्हणून डोकं हलवलं. तिने चिडचिड केली नाही, आवाज चढवला नाही. वेगळ्या शब्दांत विचारलं, "आप्पांना तेव्हा कोर्साचं कळलं होतं, का नव्हतं?" ओठ कसे हलवायचे ते तिला अजून येतं. मी पुन्हा कानाला हात लावला. म्हणालो, "आज फारच कमी येतंय बघ ऐकायला." तिने इकडे तिकडे बघितलं, टीपॉयवरची वही घेतली, आणि तेच मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं. मी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणालो, "चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक." तिने उठून पलंगावर शोधला, उशीखाली शोधला, टीव्हीच्या वर शोधला. गुडघे धरून वाकून पलंगाखाली सुद्धा बघितलं. मग म्हणाली, "राहू दे. माझी एसटी जाईल." जाताना दारात माझ्या पाया पडली.

हे मी त्याच वहीत लिहितो आहे. तिचं पान फाडलेलं नाही. वही तिच्याकडे पाठवावी असं काल ठरवलं होतं, आज सकाळी वाटलं नको. ती आता त्र्याहत्तरची आहे, तिला हे कळून काय होणार, असं मी स्वतःला सांगतो. मग वाटतं, मी गेलो की तिला सांगणारं कुणीच उरणार नाही आणि तुम्हीच होकार दिला असं मनात धरून ती जाईल. मग पुन्हा भीती वाटते. या वयात ती पण गेली तर माझ्यासमोर बसून बोलणार कोण?

चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आप्पा. खालच्या.